बॉबकॅटची प्लेट वर्कशॉपमध्ये बनवताना



शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'सनैया'त, आपल्यापैकी काही जण फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. तिथे नेहमी येणारे एक काम म्हणजे बॉबकॅटला, अर्थात स्किड स्टीअर लोडरला, बकेटऐवजी फोर्क किंवा दुसरे अवजार बसवण्यासाठी मागची प्लेट तयार करणे. तयार प्लेट महाग पडते, म्हणून मालक म्हणतो, "इथेच बनवून टाका." बनवता नक्की येते, पण या प्लेटवर माणसांचा जीव अवलंबून असतो.

थोडा इतिहास. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी १९५७ साली टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी छोटा लोडर बनवला. पुढे त्यातूनच बॉबकॅट आले. अवजार झटपट बदलण्याची 'बॉब-टॅक' पद्धत १९७० ची. या जोडणीच्या मापांसाठी आता आयएसओ २४४१० हे मानक आहे. तरीही सगळी जुनी आणि लहान मशीन त्यात बसत नाहीत, म्हणून माप त्याच मशीनच्या मूळ बकेटवरून घ्यावे.

जोडणी अशी असते. मशीनच्या फ्रेमची वरची कड प्लेटच्या वरच्या ओठाखाली शिरते आणि अवजार तिथे लटकते. मग दोन लिव्हर खाली दाबले की पाचरीसारख्या दोन पिना प्लेटच्या खालच्या तिरक्या पट्टीतील खाचांतून बाहेर येतात आणि प्लेट घट्ट आवळतात. खाच मोठी झाली तर प्लेट खडखडते, लहान झाली तर पिन पूर्ण उतरत नाही. सगळी मेख इथेच आहे.

कामाचा क्रम :

१. मूळ बकेटची मागची बाजू साफ करून पुठ्ठ्याचा साचा काढा. ओठाचा आणि खालच्या पट्टीचा कोन नीट टिपून घ्या.

२. भंगारातील अनोळखी पत्रा वापरू नका. ग्रेड माहीत असलेली प्लेट घ्या.

३. आधी फक्त टॅक मारा. प्लेट मशीनवर लटकवून दोन्ही पिना खाचांतून बाहेर आलेल्या दिसतात का ते पहा.

४. पूर्ण वेल्डिंग प्लेट मशीनवरून उतरवूनच करा. मशीनमधून करंट गेला तर बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतात.

५. ७०१८ रॉड ओव्हनमध्ये कोरडे ठेवा. इथल्या दमट हवेत ते ओलावा धरतात आणि वेल्डला तडे जाऊ शकतात. एका बाजूला सलग न ओढता आलटूनपालटून छोटे टाके घाला, नाहीतर प्लेट वाकते.

६. जुन्या फोर्कच्या पात्यांना वेल्डिंग करू नका, भोकही पाडू नका. उष्णतेने त्यांची ताकद जाते.

वजनाचा हिशोबही करा. चाकांच्या मशीनची क्षमता साधारणपणे टिपिंग लोडच्या निम्मी धरतात. म्हणजे १४०० किलोला मशीन पुढे कलंडत असेल, तर क्षमता ७०० किलो. घरगुती अवजार मूळ बकेटपेक्षा जड असेल किंवा भार आणखी पुढे नेत असेल, तर तेवढी क्षमता कमी होते.

पहिली चाचणी जमिनीलगत, कमी वजनावर आणि आसपास कोणीही नसताना घ्या. नंतर वेल्ड पुन्हा तपासा. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर उन्हात काम करण्यास मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

घाई मालकाला असते, पण उचललेल्या फोर्कजवळ उभा असतो तो आपलाच माणूस. पिना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय "झाले" म्हणू नका!