ससाण्याच्या चार पिढ्या

कल्पनेतले अंतराळ लढाऊ विमान काढायला कागद-पेन्सिल पुरते. पण त्याच्या एकामागून एक पिढ्या काढायच्या, तर प्रत्येक बदलाला कारण द्यावे लागते. सुट्टीत गुरुग्रामला घरी असताना मी ‘ससाणा’ नावाच्या यानाच्या चार पिढ्या काढल्या. आधार घेतला तो आपल्या मिग-२१चा.

मिग-२१ हवाई दलात १९६३ मध्ये आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात त्याची ‘एफएल’, ‘एम’ आणि ‘बिस’ ही रूपे तयार झाली. एफएलमध्ये आत बसवलेली तोफ नव्हती. सगळा भरवसा क्षेपणास्त्रांवर होता. पण जवळच्या झुंजीत तोफ लागतेच, म्हणून ती पोटाखाली जोडण्यात आली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर आपल्या मिग-२१ने पाकिस्तानचे एफ-१०४ ‘स्टारफायटर’ तोफेनेच पाडले. पुढे एममध्ये तोफ आतच बसवली गेली, बिसला जास्त ताकदीचे इंजिन मिळाले, तर ‘बायसन’ला नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे. प्रत्येक रूप मागच्याची उणीव भरून काढत गेले.

हाच नियम मी ससाण्याला लावला.

ससाणा-१ला पंख आहेत. दिल्ली विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून दिसतात. वळताना ती एका अंगावर कलतात, आणि पंखांवरचा हवेचा जोर त्यांना वळवतो. अंतराळात हवाच नाही, त्यामुळे तिथे पंख म्हणजे नुसते ओझे.

म्हणून ससाणा-२चे पंख काढून चारी बाजूंना छोटी रॉकेट इंजिने बसवली. आता यान वळते, पण प्रत्येक वळणाला आणि थांबण्यालाही इंधन लागते. शिवाय इंजिनाची उष्णता वाहून न्यायला बाहेर वारा नाही. ती फक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते.

ससाणा-३ला त्यासाठी रुंद, पातळ पत्रे लावले. लांबून ते पंखांसारखेच दिसतात, पण त्यांचे काम उष्णता बाहेर टाकण्याचे. त्यांची एक अडचण आहे : तापलेले पत्रे शत्रूच्या अवरक्त कॅमेऱ्याला दुरूनच दिसतात. मग क्षेपणास्त्र चुकवायला झटकन वळावे लागते, आणि तिथे वैमानिकाच्या शरीराची मर्यादा येते. नऊ ‘जी’च्या वळणात ६० किलोच्या कॅडेटला आपले वजन ५४० किलो झाल्यासारखे वाटते. मेंदूकडे रक्त पोहोचेनासे होते आणि शुद्ध हरपू शकते.

ससाणा-४मध्ये म्हणूनच वैमानिक नाही. तो दूरच्या मुख्य यानात बसून हुकूम देतो. पण रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. यान तितक्या अंतरावर असेल, तर तिथले दृश्य वैमानिकाला एक सेकंद उशिरा दिसते, आणि त्याचा हुकूम पोहोचायला आणखी एक सेकंद जातो. त्या दोन सेकंदांत समोरचे यान शत्रूचे की आपले, हे यंत्राने ठरवायचे का?

याचे उत्तर चित्रात काढता येत नाही. त्यामुळे ससाणा-५चा कागद अजून कोरा आहे. ते यान तुम्ही कसे काढाल? वैमानिकाला कुठे बसवाल?