दारूकामाचं माप आणि ग्रंथाचा काळ

मंडळी, दौलताबादेत आलो की तोफांच्या दारूबद्दलच विचारतात. आज शोभेच्या दारूचं पाहू. म्हणजे तिच्याबद्दल लिहिलेल्या ग्रंथांचं.

‘शुक्रनीती’त बंदुकीच्या दारूचं माप आहे: सोरा पाच पळं, गंधक एक, कोळसा एक. माप अगदी व्यवहारातलं. यावरून कित्येकांनी अनुमान काढलं, की शुक्राचार्य प्राचीन, तेव्हा दारूही प्राचीन. पण ग्रंथाचा काळ आधी सिद्ध करायला नको का? लल्लनजी गोपाल यांनी १९६२ साली हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातला असल्याचं साधार मांडलं.

भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी उलट वाट धरली. ज्यांचा काळ ठरवता येतो अशी साधनं त्यांनी गोळा केली. ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाचा संस्कृत ‘कौतुकचिंतामणि’ साधारण १५००च्या आसपासचा. त्यात दारूकामाचे पाठ आहेत, आणि सोरा-गंधकासोबत लोखंड-पोलादाचं चूर्णही. ते जळताना ठिणग्या उडतात. आपल्या फुलबाजीचं तेच तर रहस्य!

गोड्यांचं दुसरं साधन एकनाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’. याच देवगिरीवर नाथ जनार्दनस्वामींपाशी राहिले. कृष्णाच्या लग्नात त्यांनी दारूकाम उडवलंय. मग द्वापारात दारू होती? छे! ग्रंथ पुरा झाला १५७१ साली, आणि लग्न नाथांनी आपल्या डोळ्यांसमोरचं लावलं. तिथे माप एकही नाही. तरी सोळाव्या शतकासाठी मी शुक्रनीतीआधी हेच काव्य उघडीन.