पुढच्या फेरीत कोणी जायचे?

भाताची झोडणी उरकली की आपल्या रायगडात गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. अशा दिवसांत रोह्याच्या गाडीत बसून पाहा. पेणला डब्यात चढलेला वाद कासू, नागोठणे, निडी मागे टाकीत थेट रोह्याला उतरतो. विषय ठरलेला : "आमचा संघ चांगला असून बाहेर कसा राहिला?"

हा वाद पोरकट नाही. त्यात न्यायाचा प्रश्न आहे, आणि थोडे गणितही. ते आज सोपे करून पाहू.

समजा, सोळा संघ आले आहेत. हरला तो घरी, या बाद पद्धतीने खेळवले तर पंधरा सामन्यांत विजेता मिळतो. दोन रात्रींत काम फत्ते! पण एखादा चांगला संघ पहिल्याच रात्री दुसऱ्या चांगल्या संघापुढे आला तर त्याची वाट तिथेच संपते. उलट, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ही साखळी पद्धत घेतली तर सामने होतात एकशेवीस. रात्री आठ सामने धरले तरी पंधरा रात्री लागतील. एवढी सवड आणि पैसा गावापाशी कुठला? म्हणून आपण मधला मार्ग काढतो. चार-चार संघांचे चार गट, गटात साखळी, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, आणि मग बाद फेरी. एकूण सामने एकतीस. सोय झाली खरी, पण भांडणाचे बी इथेच पडते.

ते कसे? एक कल्पित गट घेऊ. पेणने रोह्याला २ गुणांनी हरवले. रोह्याने नागोठण्याला १० गुणांनी हरवले, आणि नागोठण्याने पेणला ६ गुणांनी. चौथा संघ अगदी नवखा. त्याला पेणने २२, रोह्याने ५ आणि नागोठण्याने ३ गुणांनी हरवले. तिघांचेही दोन-दोन विजय. आता दोघे निवडा.

कोणी म्हणेल, "सगळ्या सामन्यांतला गुणफरक मोजा." मोजू या. पेण अधिक १८, रोहा अधिक १३, नागोठणे उणे १. म्हणजे पेण पहिले, रोहा दुसरे, नागोठणे घरी.

दुसरा म्हणेल, "नवख्या पोरांवर गुण लुटण्यात कसला पराक्रम? या तिघांतलेच सामने धरा." तेही करू. रोहा अधिक ८. पेण आणि नागोठणे दोघेही उणे ४. या दोघांत नागोठण्याने पेणला हरवलेले, म्हणून नागोठणे पुढे. पेण घरी!

पाहिलेत? एका नियमाने जो संघ पहिला, तोच दुसऱ्या नियमाने बाहेर. सामने तेच, गुण तेच, आणि दोन्ही नियम शहाण्या माणसाला पटण्यासारखे.

मोठ्या स्पर्धांनाही हे चुकलेले नाही. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे साखळीत सारखेच ११ गुण झाले. आपसातला सामना पाकिस्तानने ६ गडी राखून जिंकला होता. पण नियम धावगतीचा होता, म्हणून उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेले. पुढे अंतिम सामना बरोबरीत सुटला, जादा षटकही बरोबरीत सुटले, आणि कोणी चौकार-षटकार अधिक मारले यावर इंग्लंड विजेते ठरले. त्या नियमावर जगभर टीका झाली. त्याच वर्षी तो बदलण्यातही आला. पण झालेला निकाल कोणी फिरवला नाही.

अमेरिकेतली तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या कॉलेजांत त्यांचा स्वतःचा फुटबॉल खेळतात. वरच्या श्रेणीत शंभरावर संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम डझनभर सामने. म्हणून अजिंक्यपदासाठी कोणी खेळायचे हे तेरा जणांची समिती बसून ठरवते. २०२३ साली जागा चारच होत्या. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले होते, तरी त्यांना वगळले. का, तर त्यांचा मुख्य खेळाडू जखमी झाला होता, आणि त्याच्यावाचून संघ पूर्वीसारखा राहिला नाही असे समितीला वाटले. एक सामना हरलेल्या अलाबामाला मात्र जागा मिळाली. पुढच्या वर्षी जागा बारा झाल्या. वाद तरीही मिटला नाही; चौथ्या-पाचव्यावरून उठला आणि बाराव्या-तेराव्यावर जाऊन बसला, इतकेच.

यातले मर्म असे, की 'लायक' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, ज्याने जिंकून हक्क मिळवला तो. दुसरा, जो आज सर्वांत बलवान दिसतो तो. पहिला अर्थ कागदावर मोजता येतो. दुसरा पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. माझा कौल पहिल्याला. गावच्या मैदानावर कोणाचीच नजर अगदी तटस्थ नसते.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या समितीत मी होतो. तीन संघांचे गुण सारखे झाले, आणि असे झाल्यास काय करायचे हे आम्ही आधी लिहूनच ठेवले नव्हते. मध्यरात्री टेबलाभोवती बसून आम्ही नियम ठरवला. कदाचित तो योग्यही असेल. पण कुठला नियम कोणाला तारतो हे त्या वेळी आम्हा सर्वांना ठाऊक होते. बाहेर गेलेल्या संघाची पोरं मुकाट्यानं बॅगा उचलून निघाली. "गुरुजी, हे आधी का नाही सांगितलंत?" एवढंच एकाने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, एवढे कराच. गुण सारखे झाले तर आधी काय पाहायचे, मग काय, आणि तरीही सुटले नाही तर चिठ्ठी टाकायची का, हे चार ओळींत लिहा. गट पाडण्यापूर्वी ते सर्व कप्तानांना वाचून दाखवा आणि त्यांच्या सह्या घ्या. नियम थोडा उणा असला तरी चालेल, पण तो पहिल्या चढाईच्या आधीचा असावा. हरलेला पोरगा हार पचवतो. मागाहून केलेला नियम त्याला पचत नाही.