परदेशीं जाणारा घरचा दिवा

मुलगा, सून किंवा लेक-जांवई परदेशीं असणें ही आतां सुशिक्षित कुटुंबांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. दिवाळी जवळ आली म्हणजे आकाशकंदील, विजेची समई, पितळी दिवा असें कांहींतरी त्यांच्या सामानांत आवर्जून घातलें जातें. ही माया योग्यच होय. परंतु त्या दिव्याबरोबर संकट तर धाडलें जात नाहीं ना, हें पाहणेंहि वडील मंडळींचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्लग भिंतींत बसला कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती घातक आहे. प्लगची आकृति निराळी आणि विजेचा दाब, ज्यास व्होल्टेज म्हणतात, तो निराळा. लहानसा अ‍ॅडॉप्टर केवळ आकृति जुळवितो. दाब तिळमात्रहि बदलीत नाहीं.

आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची, अमेरिकेंतील १२० ची व जपानांतील १०० ची असते. हा भेद जुना आहे. १८८२ सालीं एडिसन यांनीं न्यूयॉर्क येथें सुमारें ११० व्होल्टनें वीज पुरविण्यास आरंभ केला. त्याच मानाचीं उपकरणें तेथें घरोघर झालीं, व मग तें मान मोडणें कठीण झालें. युरोपानें पुढें दुप्पट दाब पत्करला. कारण दाब दुप्पट असतां तेवढ्याच कामास निम्मा प्रवाह पुरतो व तार बारीक चालते.

म्हणूनच आपला तारेचा जुना बल्ब अमेरिकेंत मिणमिणतो, आणि तिकडचा येथें लावल्यास क्षणांत जळतो. एलईडी दिव्यावर मात्र ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असें छापलेलें असेल, तर तो दोन्हीं ठिकाणीं सुखानें चालतो. फक्त प्लग जुळवावा. नुसतें ‘२२०–२४०’ असल्यास तो अमेरिकेस धाडूं नये.

इंग्लंडांत दाब आपल्यासारखाच आहे, व आपल्याकडील खटक्यानें अडकविण्याचे बल्ब तेथेंहि मिळतात. प्लग मात्र तीन चपट्या पिनांचा असून त्याच्या पोटांत फ्यूज असतो. साध्या दिव्यास ३ अँपियरचा पुरे. अमेरिकेंत बल्ब आट्यांचे असतात. तेव्हां तिकडे कंदिलाचा सांगाडा व कागद तेवढा पाठवावा. होल्डर, वायर व बल्ब तेथेंच घ्यावे.

पितळी दिव्याविषयीं विशेष जपावें. त्याच्या प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. दिव्याच्या अंगांत चुकून वीज उतरली तर ती याच वाटेनें जमिनींत जाते. जो अ‍ॅडॉप्टर ही वाट तोडतो, तो कितीहि स्वस्त मिळाला तरी अशा दिव्यास लावूं नये. मुलें खेळतात त्या घरांत तर मुळींच नाहीं.

सामान बांधण्यापूर्वीं चष्मा लावून दिव्यावरील बारीक अक्षरें वाचावीं. त्यास दोन मिनिटेंहि लागत नाहींत.