नॉबविना सिंथेसायझर: किंमत उतरली, सूत्रे कुणाकडे गेली?

अमेरिकेच्या ओबरहाइम कंपनीचा 'मॅट्रिक्स-१०००' प्रथमदर्शनी वाद्य वाटतच नाही. जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचीची ही धातूची चपटी पेटी आहे. तिला वाजवण्याच्या पट्ट्या नाहीत. दर्शनी भागावर आकड्यांची बटणे आणि एक छोटा दर्शक आहे. आत मात्र एक हजार आवाज साठवलेले आहेत आणि ते निर्माण करणारी विद्युत्-मंडले जुन्या, महागड्या ॲनालॉग सिंथेसायझरांच्याच कुळातील आहेत. हवा तो आवाज क्रमांक दाबून निवडता येतो. त्या आवाजाला नवा आकार देणारा नॉब मात्र या पेटीवर एकही नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ही पेटी एका मोठ्या बदलाची खूण आहे. सिंथेसायझर सामान्य वादकाच्या आवाक्यात आला तो मुख्यतः नॉब गमावून. या व्यवहारात काय मिळाले आणि काय हातचे गेले, हा प्रश्न जुन्या धाटणीच्या आवाजांची स्वस्त यंत्रे घेणाऱ्यांसमोर आजही आहे.

नॉबचे काम काय?

१९७० मध्ये आलेल्या 'मिनिमूग' या सिंथेसायझरवर आवाजाच्या जवळजवळ प्रत्येक गुणासाठी स्वतंत्र नॉब किंवा खटका होता. मूळ स्वरलहर कोणत्या आकाराची असावी, फिल्टरने त्यातील तीव्र अंश किती कापावा, आवाज झटकन उमटावा की हळूहळू फुलावा, हे सारे हाताने ठरवता येई. वाजवता वाजवता एका हाताने नॉब फिरवला की आवाजाचा रंग पालटे आणि तो बदल त्याच क्षणी कानाला कळे.

अडचण होती ती स्मरणाची. एखादा आवाज जमून आला तरी तो यंत्रात साठवता येत नसे. प्रत्येक नॉबची जागा कागदावर टिपून ठेवावी लागे. १९७८ मध्ये 'प्रॉफेट-५' या सिंथेसायझरने सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने तयार आवाज स्मृतीत ठेवण्याची सोय केली. मात्र त्यातून एक नवी विसंगती उद्भवली. साठवलेला आवाज बोलावला की यंत्राच्या आतील मूल्ये बदलत, पण वरचे नॉब पूर्वीच्याच जागी राहत. नॉब एक सांगे आणि कान दुसरेच ऐके.

किंमत आणि स्मृती

नॉब हा दिसतो तितका स्वस्त भाग नाही. त्यामागे फिरता विद्युत्-रोध लागतो, पत्र्याला छिद्र लागते, जोडणी लागते, शेजारी छापील नाव लागते आणि हे सारे मावेल एवढा मोठा पत्राही लागतो. कालांतराने त्यात धूळ जाते आणि फिरवताना खरखर ऐकू येते. मूल्ये स्मृतीत राहू लागल्यावर उत्पादकांनी साहजिकच विचार केला, की काही बटणे आणि एक दर्शक यांवर काम भागवता येईल.

जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ मध्ये आणलेला 'डीएक्स७' हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर तो आधारलेला होता. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंप्रता वेगाने बदलून त्यात घंटेसारखे किंवा विद्युत्-पियानोसारखे आवाज निर्माण केले जात. एका आवाजामागे सुमारे दीडशे मूल्ये असत. ती बदलण्यासाठी मात्र सपाट बटणे आणि एकच सरकपट्टी होती. अमेरिकेत सुमारे दोन हजार डॉलरला मिळणारे हे वाद्य लाखाहून अधिक संख्येने खपले. त्यावर नवे आवाज घडवण्याच्या वाटेला फारच थोडे वादक गेले. बहुतेकांनी कारखान्यातून आलेलेच आवाज वापरले.

त्याच वर्षी 'मिडी' ही सामाईक प्रणाली आली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने परस्परांशी बोलू लागली. एका वाद्याच्या पट्ट्यांवरून अनेक यंत्रे वाजवता येऊ लागल्यावर प्रत्येक यंत्राला स्वतःच्या पट्ट्यांची गरज उरली नाही. यामाहाच्या 'टीएक्स७' आणि 'एफबी-०१', रोलँडच्या 'एमकेएस-८०' आणि 'एमकेएस-५०' या पेट्या त्यातूनच आल्या. रोलँडने नॉब किंवा सरकपट्ट्या असलेले स्वतंत्र नियंत्रक वेगळी किंमत लावून विकले. वाद्य एका पेटीत आणि त्याला घडवण्याचा अधिकार दुसऱ्या पेटीत, अशी ही विभागणी होती.

दोन उदाहरणे

नॉब गेल्याने काय हरपते, हे रोलँडच्या 'टीबी-३०३' या छोट्या यंत्रावरून कळते. बास गिटारची जागा घेण्यासाठी निघालेले हे यंत्र बाजारात अपयशी ठरले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ च्या सुमारास रागांना डिस्को तालाची जोड देणाऱ्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत ते वापरले. पुढे शिकागोतील तरुणांनी त्याच यंत्राचे फिल्टरचे नॉब वाजवताना फिरवत ठेवले आणि १९८७ मधील 'ॲसिड ट्रॅक्स'पासून नृत्यसंगीताची एक नवी शाखा ओळखली जाऊ लागली. तो आवाज कोणत्याही तयार यादीत नव्हता.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रोलँडचा 'अल्फा जुनो' १९८० च्या दशकाच्या मध्यात आला, तेव्हा त्यावर मूल्ये बदलण्यासाठी एकच चकती होती. त्यातील एका तयार आवाजाने १९९१ मधील 'मेंटॅझम' या रचनेतून टेक्नो संगीतात धुमाकूळ घातला. तयार आवाजही, नेमक्या हाती पडला तर, नवे काही घडवू शकतो.

पेटी जिवंत कशामुळे राहते?

नॉब नसलेली पेटी आवाज घडवण्यासाठी बाहेरच्या साधनावर अवलंबून असते. हे साधन म्हणजे बहुधा संगणकावरील आज्ञावली. कंपनीची आज्ञावली जुनी झाली, की पेटी चालू असूनही तिची दारे बंद होऊ शकतात. १९८० च्या दशकातील पेट्यांवर ही वेळ आली नाही, कारण त्यांची प्रत्येक आज्ञा 'मिडी'च्या खुल्या तारेवरून जात असे आणि तिचा तपशील पुस्तिकांत छापलेला असे. म्हणूनच कंपन्यांनी हात काढून घेतल्यावरही हौशी अभ्यासकांनी नवे नियंत्रक आणि नव्या आज्ञावली तयार केल्या. 'मॅट्रिक्स-१०००'ला मूळ स्वरूपात भराभर आज्ञा पाठवल्या तर तो अडखळतो. त्यावरही त्यांनीच सुधारणा शोधली.

आज हाच मार्ग आणखी स्वस्त झाला आहे. 'मिनीडेक्स्ड' ही मुक्त आज्ञावली रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालते आणि 'डीएक्स७'च्या धाटणीचे आठ स्वरयंत्र एकाच वेळी वाजवते. तिला दर्शक आणि एक फिरती कळ जोडली तरी पुरते.

अशी पेटी घेणाऱ्याने म्हणूनच आतील आवाजांची संख्या पाहण्याआधी एक गोष्ट तपासावी: त्या आवाजांची मूल्ये 'मिडी'वरून बदलता येतात का आणि त्याचा तपशील जाहीर आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर नॉब आज नसले तरी उद्या जोडता येतात. नकारार्थी असेल, तर हजार आवाज असूनही त्यांतला एकही वादकाचा स्वतःचा होत नाही.