वाइनच्या पैशावर चाललेला वृद्धाश्रम: मोझेलकाठचं बर्नकास्टेल-कूस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड. आज जाऊया जर्मनीत, मोझेल नदीच्या काठी. गावाचं नाव बर्नकास्टेल-कूस. खरं तर ही दोन गावं. उजव्या काठावर बर्नकास्टेल, डाव्या काठावर कूस. १९०५ साली ती एक झाली, मध्ये पूल आहेच.

आधी प्रश्न असा, की एवढ्या थंडीत द्राक्षं पिकतात कशी? नाशिक साधारण २० अक्षांशावर, तर हे गाव जवळपास ५० वर. उत्तर आहे डोंगरउतारात. दक्षिणेकडे तोंड केलेल्या तीव्र उतारावर ऊन जास्त सरळ पडतं. जमीन काळसर पाटीच्या दगडाची. तो दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. शिवाय नदीमुळे थंडीचा कडाका थोडा कमी होतो. म्हणून इथे रीसलिंग जातीची द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांचा आंबटपणा टिकतो.

पण उतार इतका उभा, की बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर चालतच नाही. आपल्याकडे द्राक्षांचा मांडव असतो. इथे पारंपरिक पद्धतीत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब. छाटणी, बांधणी, तोडणी सगळी हातानेच.

गावात काय बघायचं? बाजारचौकातली लाकडी चौकटींची घरं. त्यातलं १४१६ चं एक चिमुकलं घर खाली अगदी अरुंद आणि वर रुंद, आत्ता पडेल की काय असं वाटायला लावणारं! चौकात १६०६ चं कारंजं आणि १६०८ चं नगरभवन. वर लांड्सहूट किल्ला. १६९२ साली तो जळाला, आता अवशेष उरलेत. खाली 'डॉक्टर' नावाचा प्रसिद्ध द्राक्षमळा. १४ व्या शतकात ट्रीअरचे आर्चबिशप आजारी पडले, कुठल्याच औषधाने गुण येईना, शेवटी इथल्या वाइनने बरे झाले, अशी दंतकथा आहे. (हे गोष्ट म्हणूनच ऐका, औषध म्हणून नको!)

आता पूल ओलांडा. आपल्याकडे आईची कूस असते, इथे गावच कूस. आणि याच कुशीत १४०१ साली निकोलस जन्मले. वडिलांचा नावांचा आणि व्यापाराचा धंदा. मुलगा पुढे चर्चचा कार्डिनल झाला, मोठा तत्त्वज्ञ आणि गणितीही. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर नाही, हे त्यांनी कोपर्निकसच्या पुस्तकाच्या शंभर वर्षं आधी, १४४० मध्ये लिहिलं.

पण गावासाठी त्यांनी जे केलं, ते जास्त टिकलं. त्यांनी आपली संपत्ती देऊन, १४५८ च्या दानपत्राने, ३३ वृद्ध गरजूंसाठी आश्रयस्थान उभं केलं. ३३ का? तर येशूचं वय तेवढं मानतात म्हणून. नुसती इमारत बांधून ते थांबले नाहीत. खर्चासाठी जमिनी आणि द्राक्षमळे जोडून दिले. म्हणजे देवस्थानाला इनाम जमीन असते ना, तसंच काहीसं. दाता गेला तरी मळा दरवर्षी पिकतो, हा त्यातला हिशोब.

निकोलस १४६४ मध्ये इटलीत वारले. देह रोममध्ये पुरला, हृदय मात्र कूसच्या चॅपेलमध्ये आणलं. त्यांची जुन्या हस्तलिखितांची लायब्ररी तिथेच आहे. मधल्या काळात युद्धं झाली, राज्यं बदलली, पण आश्रम बंद पडला नाही. तिथे आजही वृद्ध माणसं राहतात.

आज प्रश्न वेगळा आहे. उभ्या उतारावरचे कष्ट महाग पडतात, मोझेलकाठचे कितीतरी अवघड मळे ओस पडलेत. म्हणून तिथली बाटली महाग दिसली, तर तिच्यामागचा चढही मोजा.

कधी गेलात, तर किल्ल्यावरून फोटो काढाच. पण कूसच्या त्या अंगणात फोन खिशात ठेवून जरा बसा. ते कुणाचं तरी घर आहे.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!