समुद्राकांठची पंगत

आमच्या बिलोलीच्या पाण्याची वाट पूर्वेकडे आहे. तालुक्यांतले ओढे मांजरेस मिळतात, मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीस भेटते, आणि गोदावरी तें सारें पाणी बंगालच्या उपसागरास नेऊन पोंचविते. माणसांची वाट मात्र उलटी! शिकलेलीं मुलें धर्माबादेस देवगिरी एक्सप्रेसमध्यें बसतात तीं पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करूनच. माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी दोन वर्षांपूर्वीं अशीच नोकरीसाठीं मुंबईस गेली, आणि तेव्हांपासून आमच्या घरांत एकच काळजी ठाण मांडून बसली : पोर जेवते कोठें?

पोरीनें उत्तर लपविलें नव्हतें. तीन मुलींत मिळून एक खोली; सकाळीं डबा, आणि संध्याकाळीं बहुधा उपाहारगृह. सासूबाईंस हें ऐकवेना. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतांत आलें, त्याच्या आदल्या वर्षींचा त्यांचा जन्म. लग्नकार्याच्या पंगती सोडल्या तर परक्या हातचें अन्न त्यांनीं कधीं खाल्लें नाहीं. "रोज बाहेर जेवणाऱ्याचें घर कधीं उभें राहत नाहीं," असें म्हणून त्यांनीं निकाल देऊन टाकला कीं अक्षय्य तृतीयेच्या आंत मुलीला परत आणावें. जाऊबाई रडल्या, भाऊजी गप्प राहिले. शेवटीं ठरलें कीं निदान एकदां डोळ्यांनीं पाहून यावें. आणि मागच्या हिंवाळ्यांत सासूबाई, भाऊजी, जाऊबाई व मी अशीं चौघें मुंबईस निघालों.

सासूबाईंच्या पिशवींत अर्थातच दशम्या होत्या. ज्वारीचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवावयाचें, म्हणजे ती भाकरी प्रवासांतहि सोंवळ्याला चालते, असा जुना संकेत. त्या दशम्यांवर व शेंगदाण्याच्या चटणीवर त्यांनीं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशीं डबा रिकामा झाला, तेव्हां नात म्हणाली, "आजी, आज तुम्हीं सगळ्यांनीं माझ्याकडे जेवायचें. जागा तेवढी मी सांगेन ती!"

तिनें नेलें तें दादरला, शिवाजी पार्काच्या बाजूस असलेल्या एका साध्या मराठी उपाहारगृहांत. खिडकींतून समुद्र दिसत नव्हता. पण तो दहा मिनिटांच्या वाटेवर होता, आणि दार उघडलें कीं त्याचा खारा वारा आंत येई. भिंतीवरच्या फलकावर कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, थालीपीठ, डाळिंबी उसळ, पियूष हीं नांवें वाचून भाऊजींचा चेहरा खुलला. सासूबाईंनीं मात्र वाढणाऱ्या मुलास पहिलाच प्रश्न टाकला, "करणारं कोण आहे, बाळ?"

त्या प्रश्नांतला खरा प्रश्न आम्हां सर्वांस कळला, आणि जाऊबाईंनीं मान खालीं घातली. मुलगा भाबडेपणानें म्हणाला, "आजी, आंत मावश्या आहेत. थालीपिठं त्याच थापतात. एकदम गरम आणतो!" सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत.

थालीपीठ आलें, वर पांढरें लोणी विरघळत होतें. सासूबाईंनीं तुकडा मोडून तो आधीं हुंगला. "हें तर आपलं धपाटंच!" असें म्हणून त्यांनीं घास घेतला आणि लगेच आपलेंच म्हणणें दुरुस्त केलें, "नव्हे. धपाट्याला पीठ कच्चं लागतं, ही भाजणी आहे. पण भाजणाराचा हात बरा आहे हो!" ज्यांनीं आमच्या सासूबाईंच्या हाताखालीं स्वयंपाक केला आहे, त्यांनाच या प्रशस्तिपत्राची किंमत कळेल.

परंतु मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. पांचहि ताटल्या एकदमच टेबलावर आल्या होत्या. भाऊजींनीं जेवण्यास सुरुवात केली, आणि जाऊबाई हात आंखडून तशाच बसून राहिल्या. आमच्या घरीं पहिली पंगत पुरुषांची व मुलांची, आणि मग बायकांची. तीस वर्षें जाऊबाईंनीं तव्यावरचें धपाटें दुसऱ्यांच्या पानांत टाकलें. त्यांच्या वांट्यास आलें तें नेहमीं शेवटचें आणि निवालेलें. समोर गरम अन्न आहे आणि वाढावयाचें कोणास नाहीं, ही स्थिति त्यांना उमगेचना. "आई, निवेल ना तें," मुलगी म्हणाली. जाऊबाईंनीं सासूबाईंकडे पाहिलें. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जेव."

उपाहारगृह म्हणजे घराचा शत्रु, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापानास हजर राहिल्यावरून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि प्रायश्चित्तें घेण्याची पाळी आली. एका चहाच्या पेल्याची ही कथा! पण मुंबईनें हा प्रश्न वादानें सोडविला नाहीं, भुकेनें सोडविला. गांवीं बायकामुलें ठेवून आलेला कारकून व गिरणीकामगार यांना कोणी तरी जेवूं घालणें भागच होतें. कारकुनांसाठीं खाणावळी निघाल्या. गिरणगांवांत कामगारांच्या घरच्या बायकांनींच चुलीवर चार माणसांचें जास्त शिजवून संसार चालविले. त्याच खाणावळवाल्या भगिनींची संघटना १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नांवानें उभी केली. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं सुरू केलेल्या उडपी भोजनगृहांत केळीच्या पानावरचें जेवण अजून मिळतें. दादरच्या 'आस्वाद'चा आरंभ १९८६ मधला. त्याच्या मिसळीस २०१५ सालीं लंडनमध्यें जगांतील उत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालें. जी मिसळ आपण घरीं उरलेल्या उसळीची करतों, तिचा केवढा हा मान!

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. अशा जागांचीं दारें सर्वांना उघडीं असतात तीं केवळ मालकाच्या सौजन्यानें नव्हे. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें, जातीच्या कारणावरून उपाहारगृहांत कोणासहि मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरविलें, म्हणून तीं उघडीं आहेत. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजीं याच दादरच्या समुद्रकांठीं अंत्यसंस्कार झाले. तीच आजची चैत्यभूमि.

जेवण आटोपल्यावर आम्हीं पायींच तेथें गेलों. सासूबाईंनीं समुद्र प्रथमच पाहिला. बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत होत्या, मग स्तूपाकडे वळून म्हणाल्या, "आपल्या शेतावरचीं मंडळी सहा डिसेंबरला येतात तें इथंच ना?" मीं होय म्हटलें. "त्यांच्या आजीला मीं ओसरीखालीं उभं करून वरून पाणी घातलं आहे. कितीदां तरी." थोड्या वेळानें त्या पुन्हां बोलल्या, "आज शेजारच्या टेबलावर कोण जेवत होतं, मीं विचारलं का? जेवण तर गोड लागलं." यावर आम्हांपैकीं कोणीं कांहीं बोललें नाहीं, आणि बोलण्यासारखें कांहीं नव्हतेंहि.

वडील मंडळींस बाहेर जेवावयास नेऊं इच्छिणाऱ्या वाचकभगिनींस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतें. गर्दी होण्याच्या आधीं जावें, म्हणजे त्यांना उठण्याची घाई होत नाहीं. कांदा-लसूण चालत नसल्यास तें आधींच सांगावें. पहिल्या खेपेस ओळखीचाच पदार्थ मागवावा. तुलना करावयास मिळाली कीं परकेपणा निम्मा सरतो. आणि पैसे जर घरांतली मिळवती मुलगी देत असेल, तर तिचा हात धरूं नये. आमच्या पुतणीनें पैसे दिले, तेव्हां सासूबाईंनीं मनापासून "अन्नदाता सुखी भव" म्हटलें. घरच्या मुलीस उद्देशून ते शब्द त्यांच्या तोंडून मीं प्रथमच ऐकले.

पुतणी मुंबईसच आहे. अक्षय्य तृतीया आली आणि गेली. विषय पुन्हां निघाला नाहीं. बिलोलीस आल्यावर मात्र एका रविवारीं संध्याकाळीं सासूबाईंनीं भाऊजींस स्वयंपाकघरांतून हांक मारली. ओल्या फडक्यावर धपाटीं थापून ठेवलेलीं होतीं, तवा तापलेला होता. त्या म्हणाल्या, "आज भाजायला तूं बस. सुनांचीं पानं आधीं वाढायचीं आहेत."

भाऊजींचें पहिलें धपाटें करपलें. तेंहि गरमच होतें. जाऊबाईंनीं तें सबंध खाल्लें.